ईजीआर व्हॉल्व्ह बदलण्याआधी: इंदूरच्या गाडीमालकांसाठी निदानाच्या पायऱ्या

माझी मावशी लोकमान्य नगरात राहते. तिची डिझेल गाडी दहा वर्षांची आहे, आणि तिच्या फेऱ्या ठरलेल्या: सकाळी अन्नपूर्णा मंदिर, दुपारी राजवाड्याकडे खरेदी, कधी रामबागेत नातेवाइकांकडे. गेल्या थंडीत गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि एका वाक्यात निकाल दिला, “आंटीजी, ईजीआर गया, नया डलेगा.” ईजीआर म्हणजे जळलेला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. नवा व्हॉल्व्ह बसला, पैसे दिले, आणि चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

मी बॉनेट उघडून बघितलं तेव्हा व्हॉल्व्हकडे जाणारी पेन्सिलएवढी बारीक रबरी नळी हाती लागली. सरळ असताना अगदी धडधाकट दिसत होती. वळणापाशी बोटाने वाकवली तशी तिथली चीर मासळीच्या तोंडासारखी उघडली. व्हॉल्व्ह उघडणारी हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तिथूनच निसटत होती, म्हणून व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. जुना व्हॉल्व्ह बहुधा चांगलाच होता. चीर पडलेलं टोक कापून नळी पुन्हा चढवली आणि दिवा गेला तो गेलाच.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्याही गाडीला ‘ईजीआर गया’ असं निदान मिळालं की मी एकच विचारतो: कशावरून? खाली जे लिहिलंय ते या ‘कशावरून’चं उत्तर शोधण्यासाठी आहे. ज्याने आजवर फक्त वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलंय, त्यालाही यातलं निम्म्याहून जास्त काम करता येईल.

हा व्हॉल्व्ह करतो काय

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. जळून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा भाग हा व्हॉल्व्ह पुन्हा इंजिनच्या आत सोडतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. सिलिंडरमधलं तापमान फार वाढलं की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, ती फुप्फुसांना घातक असतात. एकदा जळून गेलेला वायू पुन्हा जळत नाही, नुसती उष्णता शोषून घेतो. तो आत मिसळला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि ही ऑक्साइडं कमी बनतात.

निदानासाठी लक्षात ठेवायचं ते एवढंच: इंजिन थंड असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना बहुतेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह बंद असतो. इंजिन गरम झाल्यावर, हलक्या पायाने चालवताना तो उघडतो. पुढच्या सगळ्या तपासण्या याच वेळापत्रकावर चालतात.

हा व्हॉल्व्ह बिघडतो तो मुख्यतः काजळीने. डिझेलच्या धुरातली काजळी आणि इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ एकत्र येते आणि आत डांबरासारखा थर बसतो. पलासिया ते राजवाडा अशी दोन-तीन किलोमीटरची, सिग्नल-सिग्नलला थांबणारी फेरी यासाठी सर्वांत वाईट, कारण इंजिन धड तापतही नाही.

हात लावण्याआधी

बंद गॅरेजमध्ये किंवा घराखालच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ती कळायच्या आत घात करते. गाडी अंगणात किंवा मोकळ्या जागी काढा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आवरून घ्या, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. ईजीआरचा पाइप हाताला फोड आणण्याइतका तापतो, त्यामुळे काहीही खोलायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चार-पाच तास गाडी उभी राहिली की बरं.

साहित्यात टॉर्च, हातमोजे, जुना टूथब्रश आणि मोबाइलशी ब्लूटूथने जुळणारा, गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी ॲडॅप्टर. हा ॲडॅप्टर पहिल्याच गाडीला आपली किंमत वसूल करून देतो. पुढे जायचं असेल तर मल्टिमीटर आणि सॉकेटचा सेट.

पहिली पायरी: गाडी काय सांगते ते नीट ऐका

व्हॉल्व्ह दोन तऱ्हांनी बिघडतो, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात.

उघडा अडकला तर नको तेव्हाही धूर आत जातो. पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरते, मिसिंग करते, सिग्नलला बंद पडते. थोडा पाय दिला की मात्र सुधारते. डिझेल गाडी काळा धूर सोडते, पिकअप मरतो, कारण डिझेल जाळायला पुरेशी ताजी हवाच उरत नाही. महेश्वरहून परतताना मानपूरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली आणि आरशात मागे काळा ढग दिसला, तर ही शंका घ्यायला जागा आहे.

बंद अडकला तर लक्षणं फार कमी असतात. पेट्रोल गाडीत चढावर, लोड घेताना टकटक असा नॉकिंगचा आवाज येऊ शकतो. डिझेल गाडीत बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, फक्त दिवा लागतो.

आता या लक्षणांचे दुसरेही धनी आहेत. काळा धूर तुंबलेल्या एअर फिल्टरनेही येतो आणि टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) निघालेला मोठा रबरी पाइप फाटला तरी येतो. पाइप फाटला असेल तर जोर दिल्यावर फुसफुस ऐकू येते. कूलंट कमी होत असेल आणि पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सोडा आणि ईजीआर कूलर (परत आत जाणारा धूर गार करणारा भाग) किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनच्या माथ्याखालच्या सीलकडे) वळा. त्या अवस्थेत गाडी चालवत राहू नका. एअर फिल्टर काढून उजेडात धरून बघायला पाच मिनिटं लागतात, ते काम आधी उरकून टाका.

दुसरी पायरी: कोड वाचा, पण पुरता वाचा

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर हात घातला की १६ पिनांचं सॉकेट सापडतं. ॲडॅप्टर लावा, किल्ली ऑन करा, ॲपमध्ये कोड बघा. ईजीआरचे कोड पी ०४०० च्या घरातले:

पी ०४०१ म्हणजे धुराचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी.
पी ०४०२ म्हणजे जास्त.
पी ०४०३ म्हणजे विजेच्या जोडणीतला दोष.
पी ०४०४ म्हणजे व्हॉल्व्हची हालचाल सांगितल्याप्रमाणे होत नाही.
पी ०४०५ आणि पी ०४०६ म्हणजे पोझिशन सेन्सरचा सिग्नल अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त.

मावशीच्या गाडीत पी ०४०१ होता. या कोडचा अर्थ ‘प्रवाह कमी पडतोय’ एवढाच. तो व्हॉल्व्हमुळे, पाइपमधल्या काजळीमुळे, फाटक्या नळीमुळे की हवा मोजणाऱ्या सेन्सरमुळे, हे संगणकाला माहीत नसतं. पी ०४०३, ०४०५, ०४०६ आले तर आधी वायर आणि कनेक्टर बघायचे, साफसफाईचं सामान तूर्तास बाजूला.

कोडचा फोटो काढा. सोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असेल तर तिचाही. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचं तापमान, गाडीचा वेग आणि इंजिनचे मिनिटाचे फेरे किती होते ते त्यात असतं. मगच कोड पुसा. आधी पुसून मेकॅनिककडे जाणं म्हणजे वैद्याकडे जाण्याआधी रिपोर्ट फाडून टाकणं.

तिसरी पायरी: डोळे आणि बोटं

इंजिन थंड आणि बंद. व्हॉल्व्ह कुठे आहे ते गाडीगणिक वेगळं असतं, पण सूत्र सोपं आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या भागाकडून) एक धातूचा पाइप इनटेककडे (हवा आत जाते त्या बाजूला) येतो, आणि त्याच्या वाटेवर कुठेतरी मुठीएवढा तुकडा बोल्टने बसवलेला असतो. त्याच्यावर रबरी नळी चढलेली असेल तर तो व्हॅक्यूमवर चालणारा. वायरचा कनेक्टर असेल तर विजेवर चालणारा.

रबरी नळी प्रत्येक वळणावर वाकवून बघा. टोकं सैल झाली असतील तर काढताना अजिबात जोर लागत नाही, हाही दोषच. माळव्याच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली भाजून रबर कडक होतं आणि टोकालाच चिरतं. कनेक्टर असेल तर काढून आत टॉर्च मारा: हिरवट गंज, वाकलेली पिन, पाणी, तेल. उंदरांनी वायर कुरतडलेली मी सुदामा नगरातल्या दोन गाड्यांत बघितली आहे. जोडांभोवती काळी, कोरडी काजळी उमटलेली दिसली तर तिथून धूर गळतोय, गॅस्केट गेलंय.

चौथी पायरी: थंड इंजिनची परीक्षा

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा. यावेळी व्हॉल्व्ह बंद असायला हवा. ज्या गाडीत व्हॉल्व्ह आणि इनटेक यांच्यामध्ये वेगळा पाइपचा तुकडा दिसतो, तिथे त्या तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. दोन-तीन मिनिटांनंतरही थेंब तसेच राहिले तर वाट बंद आहे. ते चटकन उडून गेले तर गरम धूर पलीकडे पोचतोय, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. व्हॉल्व्ह थेट मॅनिफोल्डवरच बसवलेला असेल तर ही परीक्षा फसवते, कारण धातूतूनच उष्णता येते. तिथे पुढच्या पायरीवर जा.

पाचवी पायरी: हवेचा हिशोब

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत हीच सर्वांत भरवशाची, आणि तिला पाना लागत नाही. बहुतेक डिझेल गाड्यांत एअर फिल्टरनंतर आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. नाव मास एअर फ्लो, मेकॅनिकच्या तोंडी ‘मॅफ’. ॲपमध्ये तो ग्रॅम प्रति सेकंद दाखवतो. सिलिंडरमध्ये जागा ठरलेली असते. धूर आत आला की तेवढी ताजी हवा कमी येते आणि हा आकडा उतरतो. व्हॉल्व्ह मिटला की आकडा चढतो.

किती असायला हवा? कागदावर काढता येतं. इंजिन १३०० सीसीच्या वर्गातलं, म्हणजे साधारण सव्वा लिटरचं धरा. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. इंजिन मिनिटाला ८५० फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला सुमारे ५३० लिटर, म्हणजे सेकंदाला ९ लिटरच्या किंचित आत. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे, इथे लिटरभर हवेचं वजन एक ग्रॅमच्या थोडंसं वर भरतं. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाहीत. तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असताना ७ ते ९ ग्रॅम दिसायला हवेत. आपल्या गाडीचं इंजिन मोठं असेल तर त्याच प्रमाणात आकडा वाढवा.

आता गाडी बायपासवर नेऊन वीसेक मिनिटं फिरवून आणा, म्हणजे इंजिन पुरतं तापेल. मोकळ्या जागी उभी करा, एसी बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मॅफचा आकडा लिहून घ्या. आता तापलेल्या पाइपला हात न लावता, व्हॉल्व्ह विजेवर चालणारा असेल तर त्याचा कनेक्टर काढा, व्हॅक्यूमचा असेल तर नळी काढून नळीचं तोंड बोटाने बंद करा. स्प्रिंगमुळे व्हॉल्व्ह मिटायला हवा. पुन्हा आकडा वाचा.

साडेचार-पाचवरून आठच्या आसपास गेला? व्हॉल्व्ह हलतोय आणि वाटही मोकळी आहे, दोष दुसरीकडे शोधा. आधीपासून आठच होता आणि काही बदल झाला नाही? मग एकतर व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा वाट काजळीने बुजली आहे. आधीपासून कमी होता आणि काढल्यावरही कमीच राहिला? व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, किंवा मॅफ सेन्सर मळल्यामुळे कमी मोजतोय. यातलं काय ते चौथ्या पायरीवरच्या पाण्याच्या थेंबांनी बऱ्याचदा ठरतं.

काही इंजिनं उभ्या गाडीत काही मिनिटांनी ईजीआर आपणहून बंद करतात. आकडा आठवर दिसला तर घाईने निकाल देऊ नका. एकदा रेस देऊन सोडा आणि पुढचं अर्धं मिनिट बघा. कनेक्टर काढल्याने नवा कोडही पडेल, तो काम झाल्यावर पुसायचा.

ॲपमध्ये ‘कमांडेड ईजीआर’ आणि ‘ईजीआर एरर’ मिळत असतील तर आणखी बरं. संगणकाने ४० टक्के उघड म्हटलं आणि व्हॉल्व्ह २० टक्केच उघडला तर एरर उणे ५० दिसतो. क्षणभर आकडा भरकटणं चालतं, भरकटून तिथेच राहणं हा दोष.

पेट्रोल गाडीत मॅफ नसला तर ॲपमध्ये इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना इंदुरात तो ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसतो. मुंबईतल्या भावाच्या गाडीत १०० दिसले म्हणून आपला सेन्सर बिघडलेला नसतो, हा उंचीचा फरक आहे. इंजिन गरम होऊन उभं असताना साधारण ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवा. बराच वर राहत असेल आणि गाडी थरथरत असेल, तर व्हॉल्व्ह उघडा असण्याची किंवा इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरण्याची शक्यता आहे.

सहावी पायरी: व्हॉल्व्हला स्वतः हलवून बघणं

व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हला औषधाच्या दुकानातली मोठी, ५० मिलीची सिरिंज आणि तिला घट्ट बसणारी नळी पुरते. पेट्रोल गाडी गरम, उभी, चालू. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावा आणि दट्ट्या ओढा. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर व्हॉल्व्ह आणि वाट दोन्ही ठीक. काहीच झालं नाही पण दट्ट्या सोडल्यावर मागे खेचला जातो, तर व्हॅक्यूमने ओढला जाणारा आतला रबरी पडदा शाबूत आहे आणि आतली वाट बुजलीय किंवा व्हॉल्व्ह उघडणारा दांडा अडकलाय. दट्ट्या सैल, ओढाल तिथेच राहणारा असेल तर पडदा फाटलाय, आणि तो व्हॉल्व्ह खरोखर बदलायचा. डिझेल इंजिन यावेळी बंद पडणार नाही, तिथे मॅफचा आकडा उतरतो का ते बघा.

विजेच्या व्हॉल्व्हला बहुधा पाच वायरी असतात, दोन मोटरच्या आणि तीन सेन्सरच्या. किल्ली ऑन ठेवून, कनेक्टर काढून, गाडीकडच्या बाजूला मल्टिमीटर लावला की एका पिनेवर ५ व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर दोष वायरिंगमध्ये आहे, व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही. पुष्कळ डिझेल गाड्यांत किल्ली बंद केल्यावर एक-दोन सेकंद घर्र असा बारीक आवाज येतो, तो व्हॉल्व्ह स्वतःला पुसून घेत असतो. बॉनेट उघडून कान द्या. आवाज अर्धवट तुटत असेल किंवा टकटक करत राहत असेल तर आतला दांडा अडतोय.

सातवी पायरी: काढून साफ करणं

इथवरच्या पुराव्याने व्हॉल्व्हकडेच बोट दाखवलं असेल तरच खोला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जुने बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर बोल्ट आतच तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. बोल्ट ठिसूळ वाटला, पाना घसरायला लागला, तर तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाकडे द्या.

व्हॉल्व्ह हातात आला की टॉर्च लावून दांड्याच्या बैठकीकडे बघा. काजळीचा खडा बैठकीत अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिलेला स्पष्ट दिसतो. कार्बन क्लीनर फक्त धातूच्या बाजूला मारा, मोटरची बाजू वर धरा म्हणजे द्रव तिकडे ओघळणार नाही. दहा मिनिटं मुरू द्या, टूथब्रशने घासा, कापडाने टिपा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. स्क्रू ड्रायव्हरने दांडा उचकटायचा मोह आवरा, आतले प्लास्टिकचे दाते तुटले की चांगला व्हॉल्व्हही कायमचा जातो. तेवढ्यात इनटेकच्या तोंडातही डोकावून घ्या. तिथली वाट करंगळीएवढी उरली असेल तर नुसता व्हॉल्व्ह साफ करून भागणार नाही, मॅनिफोल्ड उतरवावा लागेल.

बसवताना गॅस्केट नवंच घाला. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. विजेच्या व्हॉल्व्हला पुष्कळ गाड्यांत स्कॅनरने ‘रीलर्न’ करावं लागतं, म्हणजे मिटलेली जागा कुठे आहे ते संगणकाला नव्याने शिकवायचं. हे न केल्याने साफ केलेला व्हॉल्व्हही पुन्हा कोड देतो आणि लोक तो निकामी समजून फेकून देतात. शेवटी पाचवी पायरी पुन्हा करा आणि आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

‘बंद करून देतो’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं

छावणीपासून देवास नाक्यापर्यंत कुणी ना कुणी हे सुचवतंच: मध्ये पत्रा टाकू, ईजीआरची कटकटच संपेल. गाडी पीयूसीतही पास होते, कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात आणि पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. पण ती दिसत नसली तरी हवेत जातातच, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत जातात. २०१७ ते २०२३ हे शहर ओला-सुका कचरा वेगळा करून स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं येत राहिलं. त्याच शहरात गाडीतून हे विष मुद्दाम सोडणं मला पटत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत पत्रा टाकला की संगणक लगेच दिवा लावतो. मग तो दिवा दाबायला सॉफ्टवेअरशी खेळ सुरू होतो आणि पुढचा खरा दोषही दिसेनासा होतो.

मावशीच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात आता एक छोटी वही आहे. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, गरम इंजिनवर व्हॉल्व्ह उघडा असतानाचा मॅफ आणि मिटलेला असतानाचा मॅफ. महिन्यातून एकदा ती देवासपर्यंत बायपासने सलग गाडी नेते, आणि दर सहा महिन्यांनी मी जाऊन वहीत नवी ओळ लिहितो.